थोरांच्या उणिवा, माझी सोय

माझ्या गिटारवादनावर ज्या थोरांचा प्रभाव पडला, त्यांपैकी कोणाचाही त्यात दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. बरेचसे आता हयात नाहीत, आणि जे आहेत त्यांच्या कानापर्यंत माझं वादन जायची शक्यता नाही. तेव्हा दोन्ही पक्ष सुरक्षित आहेत.

‘तुमच्यावर कोणाचा प्रभाव?’ हा प्रश्न पुण्या-कोल्हापुरातल्या गिटारवाल्याला कधीमधी विचारला जात असेल. म्हापशात तो येताजाता विचारला जातो, आणि विचारणारा उत्तर तपासून घेतो. गोव्यात वाईट गिटार वाजवणं काय असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. इथे सकाळी पाव आणणारा पोदेर रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गातो. बँकेतला कॅशियर लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो आणि नोटा मोजता मोजता, मान वर न करता सांगतो, “काल रात्री तुमची तिसरी तार उतरली होती.” पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. त्याच शिदोरीवर सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे लोक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या अख्ख्या ऑर्केस्ट्राला कागद लिहून देऊ लागले. परंपरा मोठी गौरवाची आहे. फक्त तिच्या शेजारी भाड्याने राहू नये.

घरची बाजू तर याहून कठीण. आमचं मूळ घर डिचोलीकडचं. चवथीची आरती, सप्ताहातलं भजन आणि जत्रेतलं नाटक या तिन्हींत आमच्यातलं कोणी ना कोणी असतंच. काका भजनी मंडळात पेटीवर बसतात. केसरबाई केरकरांवर त्यांची एवढी श्रद्धा, की बाईंची रेकॉर्ड चालू असताना कोणी चहा ढवळला तर चमच्याच्या आवाजावरून ते त्याची लायकी ठरवतात. गिटारबद्दल त्यांचं मत ठाम आहे. मांडीवर आडवी घेतली तर ते वाद्य, उभी धरली तर तो वयाचा दोष. ब्रिजभूषण काब्रांनी ती आडवी घेऊन राग वाजवले. विश्वमोहन भट्टांनी तिला जादा तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी घरी आणली. “तू आडवी कधी घेणार?” काका दर भेटीत विचारतात. एकदा पाठ धरली तेव्हा मी गिटारसकट पलंगावर आडवा होऊन वाजवलं होतं. काकांनी ते धरलं नाही.

शिकायला मी वाड्यावरच्या मेस्तांकडे जात असे. मेस्त म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, आता निवृत्त, पण कान अजून नोकरीत. त्यांनी बराच काळ गिटारला हातच लावू दिला नाही, नुसतं दो-रे-मी म्हणायला लावलं. “पुता, आधी गळ्यात येऊ दे. मग बोटांत.” गळ्यात ते जेमतेम आलं आणि माझ्या आयुष्यात एफची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा जुडगा, आली.

ज्यांनी गिटार धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाकीच्या सोप्या कॉर्ड दोन-तीन बोटांत होतात. एफला तर्जनी आडवी टाकून पहिल्याच पडद्यावर सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या असतात, आणि वर उरलेल्या बोटांनी आपापली कामं करायची असतात. तारा पहिल्या पडद्यावर सगळ्यांत ताठ लागतात, कारण खुंट्यांकडचा टेकू अगदी जवळ असतो. मेस्तांच्या दो-रे-मीत एफ म्हणजे फा. ते ओरडायचे, “फा मायोर!” मी दाबायचो. सहा तारांतून मिळून दीड स्वर निघायचा, आणि त्यातला अर्धा माझ्या तोंडातून.

त्या दिवसांत मला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट सापडला. बेल्जियममध्ये जन्मलेला, जिप्सी कुटुंबातला, चाकांवरच्या घरात राहणारा. १९२८ साली, अठरा वर्षांचा असताना, त्या घराला आग लागली आणि त्याचा डावा हात भाजला. करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. डॉक्टरांना तो पुन्हा वाजवेल असं वाटत नव्हतं. त्याने राहिलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवायची नवी रीत बसवली, १९३४ साली पॅरिसला स्तेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनबरोबर पाच जणांचा ताफा उभा केला, आणि चार धड बोटांचे लोक आजतागायत त्याच्या मागे धावताहेत. या कथेतून कोणी जिद्द घेईल. मी दोन बोटं घेतली.

“जँगो दोनच बोटांनी वाजवायचा,” मी मेस्तांना म्हटलं.

“त्याच्याकडे दोनच होती, पुता. तू बाकीची कुणासाठी राखून ठेवतोस?”

पण माझा मार्ग मला सापडला होता. थोरांचं कौशल्य घेण्यासाठी जन्म घालवावा लागतो. त्यांची अडचण मात्र एका संध्याकाळीत आत्मसात होते.

पुढचे अमेरिकेचे ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग. कॉर्ड वाजवणं हे आपलं काम नव्हे, हे या भल्या माणसाने जगजाहीर सांगितलं होतं. गाताना वाजवायचं नाही, वाजवताना गायचं नाही. ओळ गळ्याने म्हणायची आणि तिला उत्तर गिटारने द्यायचं. एकेक स्वर असा थरथरवायचा की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवाकालव. मी कॉर्ड त्या दिवशीच सोडल्या. थरथर माझ्या हाताला मुळातच होती.

किंगसाहेबांकडून आणखी एक गोष्ट घेतली, ती महागात पडली. १९४९ च्या हिवाळ्यात ते अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, ट्विस्ट नावाच्या गावी एका नाचघरात वाजवत होते. ऊब यावी म्हणून मधोमध रॉकेलचं पिंप पेटवलेलं. दोन पुरुषांची जुंपली, पिंप उलटलं, नाचघर पेटलं. किंग बाहेर पळाले आणि गिटार आत राहिली म्हणून जळत्या घरात परत शिरले. मागाहून कळलं की भांडण एका बाईवरून होतं आणि तिचं नाव ल्युसील. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण राहावी म्हणून त्यांनी गिटारचंच नाव ल्युसील ठेवलं, आणि पुढच्या सगळ्या गिटारींचंही.

मी बायकोला म्हटलं, “आपणही गिटारला नाव देऊ. सुलोचना कसं वाटतं?”

“कोण सुलोचना?”

“कोणी नाही. नुसतं नाव.”

“नुसती नावं अशी पटकन सुचत नाहीत, अहो.”

तो आठवडा घरात पिंप न पेटवताही ऊब बरीच होती. शेवटी वाद मिटावा आणि काकाही खूश व्हावेत अशा दुहेरी हिशेबाने मी नाव बदलून ‘केसरबाई’ ठेवलं. बायको शांत झाली. काका उठून उभे राहिले.

“केरीची ती बाई आज कुठे आहे, ठाऊक आहे तुला?” काकांचा आवाज चढला. “सूर्यमालेच्या सीमेपलीकडे! आणि तू? तू अजून फावर!”

यात अतिशयोक्ती फार थोडी होती. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली, तेव्हा परग्रहावर कोणी भेटलंच तर ऐकवायला म्हणून प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसवली. तिच्यावर जगभरचं संगीत आहे आणि भारताच्या वाट्याला आलेल्या साडेतीन मिनिटांत आहेत आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई. भैरवी, ‘जात कहां हो’. त्यातलं ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ तारखेला बाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. ज्या बाईंनी हयातभर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना फारसं जवळ येऊ दिलं नाही, त्यांची तबकडी माणसाने सगळ्यांत लांब पाठवलेल्या वस्तूवर बसली आहे. काका हे सांगताना दरवेळी गहिवरतात. मीही गहिवरतो, पण मी ती यादी पूर्ण वाचली होती.

“काका, त्याच तबकडीवर चक बेरी आहे. गिटारवाला. उभी धरणारा.”

काका गप्प झाले. मग सावध आवाजात विचारलं, “बाईंच्या आधी की नंतर?”

“बराच आधी.”

“मग ठीक आहे. लहान कलावंत आधी बसतात.”

इथे मी थांबायला हवं होतं, असं बायको म्हणते. पण सत्य ते सत्य. “बाईंच्या लगेच नंतरही एक गिटारवाला आहे,” मी म्हणालो. “ब्लाइंड विली जॉन्सन. आंधळा होता. १९२७ सालचं ध्वनिमुद्रण. तारांवर सरकवत वाजवलेली गिटार आणि नुसता हुंकार, शब्द नाहीत.”

काकांचा चेहरा लाल झाला. “भैरवीनंतर? भैरवी झाल्यावर वाजवतं का कोणी? भैरवी झाली की नमस्कार करून उठायचं असतं! एवढी यानं सोडणारी माणसं, त्यांना हे कोणी सांगितलं नाही?” मग खूप वेळाने, जरा खालच्या पट्टीत, “सरकवत वाजवतो म्हणालास ना? म्हणजे आडवीच्या जातीची. आंधळा. बिचाऱ्याला कळलं नसेल बाई आधी गाऊन गेल्या ते.”

त्यांनी ते गाणं माझ्याकडून मागून घेऊन ऐकलं. ऐकताना चहा ढवळला नाही.

चक बेरीकडून मी काय घेतलं ते थोडक्यात सांगतो. हा माणूस उतारवयात गावोगाव एकटाच गिटार घेऊन जायचा. तिथलाच एखादा बँड मागे उभा करायचा आणि तालीम न करता कार्यक्रम सुरू. मी तालीम सोडली. तो बदकासारखा गुडघ्यांत वाकून चालायचा तेही करून पाहिलं, पण त्याला गुडघे लागतात.

जिमी हेन्ड्रिक्सचा प्रभाव मात्र खोल आहे. तो डावखुरा होता म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी करून, तारा बदलून वाजवायचा, दातांनी वाजवायचा, १९६७ साली माँटेरेच्या संगीत महोत्सवात त्याने भर स्टेजवर गिटार पेटवून दिली. ही शेवटची गोष्ट मी माझ्या गिटारबाबत करावी, असं सुचवणारे लोक आमच्या वाड्यावर आहेत. मी त्याच्याकडून घेतलं ते वेगळंच. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाला चार लाखांवर माणसं जमली होती, पण कार्यक्रम इतका लांबला की हेन्ड्रिक्स स्टेजवर आला तेव्हा सोमवारची सकाळ उजाडली होती आणि बहुतेक लोक घरी निघून गेले होते. तरी तो वाजवत राहिला. मी कळंगुटला एका शॅकमध्ये वाजवायला बसलो त्या रात्री हे सारखं आठवत होतं. लोक निघून जात होते, मी वाजवत होतो. फरक एवढाच, की त्याच्यासमोरचे लोक तो यायच्या आधीच दमले होते. पुढे दहा वाजले आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमाने लाउडस्पीकर बंद झाले. गोव्यात या नियमावर संगीतवाले नाराज असतात. मी नाही.

नंतर ब्रायन मे. क्वीन बँडचा हा वादक पुढे खगोलशास्त्रात डॉक्टरेट झाला, पण आधी पोरवयात बापाच्या मदतीने त्याने स्वतःची गिटार घरीच बनवली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड तासून. बाबांना मी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “आपल्याकडे शेकोटी नाही, आणि दाराच्या चौकटीला हात लावलास तर बघ.” मे तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीऐवजी (तिला पिक म्हणतात) सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने वाजवतो, तेवढं मात्र जमण्याजोगं होतं. आजीच्या डब्यातून पोर्तुगीज काळातलं साठ सेंतावांचं नाणं काढलं. १९६१ नंतर ते पहिल्यांदाच चलनात आलं. आजीला त्याचं कौतुक वाटलं. तिच्या मते सालाझारच्या पैशाचा आवाज असाच असायचा.

नाणं धातूचं, तारा धातूच्या आणि महिना आषाढ. गोव्याच्या पावसात गिटारचं काय होतं ते कंपन्यांना ठाऊक नाही. कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवतात, तिथेच गिटारही ठेवतात, आणि तरी चार दिवसांत तारा तांबूस होतात. एका संध्याकाळी नाण्याने सहावी तार खाल्ली. बाहेर धो धो पाऊस, दुकानं लांब. मग कीथ रिचर्ड्स धावून आला. रोलिंग स्टोन्सचा हा बाबा गेली कित्येक वर्षं गिटारची सहावी तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच जी-डी-जी-बी-डी अशा लावतो. अशा लावल्या की काही न दाबता नुसता हात फिरवला तरी पूर्ण कॉर्ड वाजते. काही न दाबता! बोटं मोकळी, चहाचा कप धरायला. रिचर्ड्सने यातून आयुष्यभराच्या धुना काढल्या. मी पावसाळा काढला.

आता एका माणसाबद्दल जरा सरळ बोलतो. अमान्सियो डिसिल्वा. १९३६ साली मुंबईत जन्मलेला, गोवेकर कुटुंबातला जॅझ गिटारवादक. पुढे लंडनला गेला आणि १९६९ या एकाच वर्षात त्याच्या दोन रेकॉर्डी निघाल्या. एक ‘इंटिग्रेशन’, दुसरी जमैकाच्या ज्यो हॅरियट या सॅक्सोफोनवाल्याबरोबरची ‘हम दोनो’. या दुसरीत गोव्याच्या नावाची एक संथ धून आहे. तिच्यात गिटार कुठे जॅझ बोलते आणि कुठे आपल्याकडचं, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. मेस्तांना ऐकवली. ते म्हणाले, “हा आमचा. सोल्फेज, दो-रे-मी, पक्कं आहे.” काकांना ऐकवली. ते म्हणाले, “हा आमचा. राग ऐकलेला माणूस.” दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून भांडण टळलं. इतका सुंदर वादक आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही, याची मला मनापासून चीड येते. आणि त्याचा माझ्यावर काडीचाही प्रभाव नाही, कारण रात्र रात्र ऐकूनही घेण्याजोगी एकही उणीव त्याच्यात सापडली नाही.

तेव्हा राहिला टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. वाजवणं संपलं असं धरून बसलेल्या त्या पोराला कारखान्यातल्या मुकादमाने रेकॉर्ड ऐकवली ती जँगोची. आयोमीने साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडचा १९७१ चा तो काळाकुट्ट, जड आवाज त्यातून आला आणि हेवी मेटलवाले अजून त्यावर जगताहेत.

आमच्या मोरीतली साबणाची बाटली बायकोने वाचवली. पण तारा मी उतरवल्या. सैल तारांवर एफ चक्क लागू लागली. सहातल्या चार तारा वाजायच्या, एखाद दिवशी पाच.

आणि चवथीच्या आधी एका संध्याकाळी डिचोलीच्या घरी मी असाच ओसरीवर मोकळ्या तारा छेडत बसलो असताना आतून काकांची पेटी थांबली. काका पेटी घेऊनच बाहेर आले, एक सूर दाबून धरला, माझ्या सहाव्या तारेकडे बोट केलं. “ती वाजव.” वाजवली. पुन्हा सूर. पुन्हा तार. दोन्ही एक.

सहावी तार मुळात ई. ती तीन अर्धस्वर उतरवली की येतो सी शार्प. आपल्या पेटीवरची काळी एक. बाप्ये गायचे म्हटले की आमच्या मंडळाची पट्टी पिढ्यान् पिढ्या तीच.

“कोणी लावून दिली ही तुला?” काकांनी विचारलं.

“टोनी आयोमी.”

“कुठला?”

“बर्मिंगहॅमचा.”

“घराणं?”

“ब्लॅक सबाथ.”

काकांनी क्षणभर विचार केला. “नाव ऐकलं नाही. पण काळी एक धरून आहे, म्हणजे माणूस खानदानी असणार. चवथीला बस आमच्याबरोबर.”

बसलो. गोव्यातली आरती ज्यांनी ऐकली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मातीच्या घटाला चामडं चढवलेली अर्धा डझन घुमटं, शामेळ, कासाळी, आणि प्रत्येक वाजवणाऱ्याला आपलंच घुमट गणपतीपर्यंत पोचवायचं होतं. सुखकर्त्याने सुरू झालेली आरती एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी तासभर चालली. मी मनापासून वाजवलं. एफ लावली, जँगोची दोन बोटं लावली, किंगसाहेबांची थरथर लावली, कीथसारखा नुसता हातही फिरवला. माझी एकही तार मला स्वतःला ऐकू आली नाही.

घामाने निथळत प्रसाद खायला बसलो तेव्हा काकांनी सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला.

“छान साथ केलीस रे आज. कुठेही मध्ये आला नाहीस.”